डिस्प्लेवर आकडे आले म्हणजे रेडिओ डिजिटल होत नाही

गेल्या काही आठवड्यांच्या पत्रांत एकच धास्ती आहे: रेडिओ डिजिटल होणार, मग घरातल्या संचाचे काय? इंदूरच्या वाचकांचे त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : येत्या वर्षी एफएम बंद होणार, असा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर आला आहे. खरे आहे का? (तिलकनगर)

उत्तर : नाही. भारतात एफएम बंद करण्याची तारीख ठरलेली नाही.

प्रश्न : पण नॉर्वेने तर बंद केलेच ना? (सुदामानगर)

उत्तर : केले, पण अर्धीच गोष्ट फिरते आहे. २०१७ मध्ये तिथली राष्ट्रीय केंद्रे एफएमवरून डिजिटलवर हलली. छोटी स्थानिक केंद्रे एफएमवरच राहिली. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने २०२४ च्या अखेरीस एफएम थांबवले. त्याआधी दोन्ही देशांत जुने आणि नवे प्रक्षेपण कित्येक वर्षे जोडीने चालले होते. आपल्याकडे ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने ऑक्टोबर २०२५ मध्ये खासगी केंद्रांच्या डिजिटल रेडिओसाठी शिफारशी केल्या. त्यांत सुरुवात १३ मोठ्या शहरांतून आहे आणि तीही चालू एफएमच्या जोडीने. त्या १३ मध्ये इंदूर नाही. शिवाय शिफारस म्हणजे सरकारी निर्णय नव्हे.

प्रश्न : भाच्याने लंडनहून डॅब रेडिओ आणला. इथे त्यावर नुसते एफएम लागते. दुरुस्तीला द्यावा का?

उत्तर : देऊ नका. डॅब ही युरोपातली डिजिटल रेडिओची पद्धत, इथे तिचे प्रक्षेपण नाही. एफएम ऐका.

प्रश्न : 'आता सगळे डिजिटल होणार' असे सांगून दुकानदाराने दोन हजारांचा डिजिटल रेडिओ दिला आणि जुना ट्रान्झिस्टर एक्स्चेंजमध्ये ठेवून घेतला. मीडियम वेव्हवर खरखर तशीच आहे. नवा संच खराब निघाला का? (रामबाग)

उत्तर : संच खराब नाही. तुम्हाला सांगितले तेच खोटे आहे. अशी पत्रे सर्वांत जास्त येतात आणि दर वेळी संताप होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

काट्याऐवजी आकडे दिसतात, ब्लूटूथ आहे, पेनड्राइव्ह लागतो, एवढ्या भांडवलावर खोक्यावर 'डिजिटल' छापले जाते. बदलली ती फक्त स्टेशन लावण्याची रीत. हवेतून येणारी लहर जुनीच आहे. खऱ्या डिजिटल प्रक्षेपणात आवाजाचे आकडे करून ते लहरीवरून पाठवतात आणि ते उलगडणारा डिकोडर संचात लागतो. आकाशवाणीने मीडियम वेव्हसाठी डीआरएम ही पद्धत निवडली आणि देशभरात तिचे सुमारे ३५ ट्रान्समीटर बसवले. म्हणून खोक्यावर 'डीआरएम' ही अक्षरे शोधा. ती नसतील तर तो डिजिटल रेडिओ नाही. असली तरी पैसे देण्याआधी दुकानातच लावून दाखवायला सांगा. केंद्र पकडायला काही सेकंद जातात, मग पडद्यावर त्याचे नाव येते आणि मागे खरखर अजिबात नसते. सिग्नल कमी पडला तर आवाज हळूहळू विरत नाही, तुटक येतो आणि एकदम बंद पडतो. तुमच्या भागात कोणते डिजिटल प्रक्षेपण कोणत्या वेळी पोहोचते, हे मालवा हाउसमध्ये आकाशवाणीच्या अभियंत्यांना विचारा. दुकानदाराला विचारू नका.

आता खरखरीचे. मागच्या महिन्यात हीच तक्रार आली म्हणून एका काकूंकडे गेलो होतो. देवघरातला एलईडी दिवा बंद केला, मोबाइलचा चार्जर काढला, संच खिडकीशी नेऊन हळूहळू फिरवला. पाव वळणावर खरखर बसली आणि निवेदिकेचा आवाज स्वच्छ आला. संचात फेराइटची कांडी असते, तोच मीडियम वेव्हचा एरियल. ती केंद्राच्या दिशेला आडवी यावी लागते, तिचे टोक केंद्राकडे नको. एवढे काम जुन्या संचानेही केले असते. पण ज्यावर त्यांच्या घरी तीस वर्षे आकाशवाणी इंदूरच्या कार्यक्रमातले नंदाजी-भेराजी ऐकले, तो संच काकूंनी आधीच भंगारवाल्याला देऊन टाकला होता.

तुमचा ट्रान्झिस्टर अजून दुकानातच असेल. पावती घेऊन आजच जा आणि परत मागा, चार दिवस थांबू नका. नाही म्हणाले तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे कसे जायचे, ते वकिलाला विचारून घ्या.

प्रश्न : नव्या गाडीत डिजिटल रेडिओ आहे का, हे कसे कळेल?

उत्तर : काही कंपन्यांच्या गाड्यांत डीआरएम बसवूनच येतो, गाडीच्या पुस्तिकेत पाहा किंवा सर्व्हिस सेंटरला विचारा. बाहेर तारा कापून काहीही बसवून घेऊ नका.

प्रश्न : सासऱ्यांचा व्हॉल्व्हचा रेडिओ १५ वर्षे माळ्यावर आहे. डिजिटल येण्याआधी विकायचा आहे. एकदा लावून पाहू का? (लोकमान्यनगर)

उत्तर : प्लग लावू नका. इतकी वर्षे पडून राहिलेल्या संचातले फिल्टर कंडेन्सर सुकलेले असतात. एकदम २३० व्होल्ट दिले तर ते फुटू शकतात, ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. काही एसी-डीसी संचांत चॅसिस, म्हणजे आतली पत्र्याची चौकट, थेट मेनच्या तारेला जोडलेली असते. तिला हात लागणे जिवावर बेतू शकते. व्हॉल्व्हचे काम केलेल्या कारागिराकडे न्या, तो आधी सिरीज बल्ब लावून, म्हणजे विजेच्या वाटेत बल्ब जोडून प्रवाह आवरून, तपासेल. विकायचा की ठेवायचा, ते त्यानंतर ठरवा. आणि माळ्यावर ट्रान्झिस्टरही असेल तर त्यातले सेल आज काढा. गळक्या सेलने खाल्लेल्या स्प्रिंगा माझ्याकडे दर आठवड्याला येतात.

प्रश्न : मोबाइलच्या ॲपवर बातम्यांआधीचे पिप उशिरा वाजतात. डिजिटल रेडिओवरही तसेच होईल का?

उत्तर : हो, थोडा उशीर होईल. आवाजाचे आकडे करायला आणि ते पुन्हा उलगडायला वेळ जातो; ॲपवर त्यात इंटरनेटची भर पडते. घड्याळ लावायचे असेल तर जुन्या ट्रान्झिस्टरच्या पिपवर लावा.