परळच्या व्हेटर्नरी कॉलेजला अ‍ॅडमिशन मिळालंय? मग आधी सीनियर्स शोध
अरे मस्त! 1886 चं कॉलेज आहे ते, बाजूलाच जनावरांचं बैलघोडा हॉस्पिटल, केसेस बघायला लांब जायला नको. पण नुसता कॉलेजचा इतिहास सांगत फिरू नकोस, पासआउट झालेल्यांशी ओळख काढ. सुट्टीत गावी गेलास की तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात जाऊन 'सर, मीपण परळचा' एवढंच म्हण, लगेच गाडीवर मागे बसवतात. मी असाच गेलेलो तर पहाटे तीनला गाय अडलेली, वासराचा एक पाय मागे दुमडलेला, सरांनी ओढू दिलंच नाही, आधी वासरू आत ढकललं, पाय सरळ केला मग ओढलं, पुस्तकात चारदा वाचूनपण हे डोक्यात शिरलं नव्हतं. इंटर्नशिपची वाट बघत बसू नको, पहिल्या वर्षापासूनच जा. आणि गमबूट स्वतःचे ने, त्यांचे कधीच मापाचे नसतात.