‘ग्रीन’ प्रमाणपत्र असलेली ऑफिसची इमारत घेतोय. जास्त किंमत द्यावी का? नेमकं काय तपासू?

प्रमाणपत्र बाजूला ठेवा आणि आधी 36 महिन्यांची वीजबिलं मागा. लीड (अमेरिकन) किंवा ब्रीयम (ब्रिटिश) या ग्रीन प्रमाणपत्रांचं मानांकन बऱ्याचदा नव्या बांधकामाचं असतं. इमारत कशी आखली होती ते त्यावरून कळतं, आज ती कशी चालते ते नाही. ऑस्ट्रेलियातलं नेबर्स हे मानांकन मात्र प्रत्यक्ष मोजलेल्या वापरावर मिळतं आणि दरवर्षी नव्याने घ्यावं लागतं.

वर्षाच्या एकूण युनिटांना चौरस मीटरने भागा. फसगत इथेच होते. विक्रेता पार्किंगसकट सगळं बांधकाम धरतो आणि आकडा आपोआप देखणा होतो. तुम्ही भाड्याने देण्याजोगं क्षेत्रच घ्या. निम्मी रिकामी इमारतही कमी वीज खाते, म्हणून दर महिन्याला किती जागा भाड्याने गेली होती ते शेजारी लिहा. भाडेकरूंचे मीटर वेगळे असतील तर तीही युनिटं हवीत, नाहीतर हातात फक्त लिफ्ट आणि जिन्यांचं बिल येतं.

मग मीटरचा दर 15 किंवा 30 मिनिटांचा डेटा मागवा. सर्व्हर रूम वजा करूनही सुट्टीच्या पहाटे 3 चा लोड कामाच्या दिवशीच्या दुपारच्या निम्म्याहून जास्त असेल, तर यंत्रं रिकाम्या खोल्या थंड करतायत. बहुतेक वेळा कोणीतरी टायमर ‘मॅन्युअल’वर टाकून विसरलेला असतो. घेणाऱ्यासाठी ही खरं तर चांगली बातमी, कारण दुरुस्ती स्वस्त असते. पंख्यांचे व्हीएफडी (मोटरची गती कमी-जास्त करणारी उपकरणं) ही असेच पूर्ण गतीवर सोडलेले सापडतात. गती 20 टक्के कमी केली की पंख्याची वीज जवळपास निम्म्यावर येते, कारण ती गतीच्या घनाप्रमाणे बदलते.

चिलरच्या (एसीसाठी पाणी थंड करणाऱ्या यंत्राच्या) पाण्याच्या तापमानातला जाता-येता फरक बघा. 6 अंशांसाठी आखलेल्या यंत्रणेत 3 च अंश मिळत असतील, तर तेवढ्याच थंडाव्यासाठी पंप दुप्पट पाणी फिरवतायत. अडकलेले व्हॉल्व आणि मळलेल्या कॉइल हे नेहमीचे गुन्हेगार. नेमप्लेटवर आर-22 हा थंडावा देणारा जुना गॅस दिसला तर चिलर बदलायचा खर्च किमतीतून आताच कापा. ओझोन वाचवण्यासाठीच्या मॉन्ट्रियल करारानुसार तो गॅस बाद होतोय. आर-134ए हा दुसरा गॅस असेल तर वर्षाकाठी किती किलो भरावा लागला ती नोंदवही मागा. तो कार्बन डायऑक्साइडच्या 1,430 पट तापमानवाढ करतो, म्हणजे 10 किलो गळती 14.3 टन कार्बन डायऑक्साइडइतकी पडते.

आता जास्त किमतीचं. वर्षाला वीजबिलात 100 रुपये वाचले आणि परताव्याचा दर 8 टक्के असेल तर इमारतीची किंमत 1,250 रुपयांनी वाढते, हे गणित दलाल हमखास दाखवतो. पण वीजबिल भाडेकरू भरत असेल तर ते 100 रुपये त्याचे, सुधारणांचा खर्च तेवढा तुमचा. म्हणून सगळे भाडेकरार वाचा: वापराची माहिती द्यायचं बंधन आहे का, सुधारणांचा खर्च बचतीतून वसूल करता येतो का? न्यूयॉर्कमध्ये 2011 साली असं एक कलम आलं. त्यात वर्षाची वसुली अंदाजित बचतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच ठेवली, कारण अंदाज चुकतात. मला ते प्रमाण रास्त वाटतं. कलमच नसेल तर करार कधी संपतात ते पाहा. नऊ वर्षं बाकी असतील तर तोवर बचतीचा दमडीचाही फायदा धरू नका.

विक्रेता बिलं देत नसेल तर मुख्य पॅनलवर सात दिवस तुमचा लॉगर (विजेचा वापर नोंदवणारं यंत्र) लावायची परवानगी मागा. तीही नाकारली तर प्रमाणपत्रापोटी एक पैसाही जास्त देऊ नका.