एच-इंडेक्स ८५ की १७? गाइड निवडताना आकडा कसा वाचायचा

प्रश्न : मी न्यूक्लिअर फिजिक्समध्ये एमएस्सी करते आहे. पीएचडीसाठी दोन गाइड तयार आहेत. एकांचे ९०० पेपर आणि एच-इंडेक्स ८५. दुसऱ्यांचे ६० पेपर आणि एच-इंडेक्स १७. घरचे म्हणतात, यात विचार कसला करायचा?

उत्तर : विचार नक्की कर, कारण हे दोन आकडे एका मापाचे नाहीत.

९०० पेपर एका माणसाने लिहिलेले नसतात. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेतल्या अ‍ॅलिससारख्या प्रयोगात एकेका पेपरवर हजाराच्या आसपास नावं असतात, तीही आडनावाच्या वर्णानुक्रमाने. ज्यांनी डिटेक्टर (कण टिपणारं यंत्र) बांधला, तो चालवायच्या शिफ्ट केल्या, त्यांचं नाव त्या विश्लेषणात हात नसला तरी येतं. २०१५ साली सर्नच्याच अ‍ॅटलास आणि सीएमएस या प्रयोगांनी हिग्ज बोसॉन या कणाच्या वस्तुमानावर मिळून दिलेल्या पेपरवर ५१५४ नावं होती. ३३ पानांपैकी २४ पानं नावं आणि संस्थांच्या यादीतच गेली. ते श्रेय खरं आहे, पण त्यातून एका व्यक्तीचं काम वेगळं काढता येत नाही.

एच-इंडेक्सही ते काढून देत नाही. हा निर्देशांक २००५ मध्ये होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने मांडला. निदान ५ पेपरांना प्रत्येकी निदान ५ सायटेशन (इतर पेपरांनी दिलेले संदर्भ) असतील, पण ६ पेपरांना प्रत्येकी ६ नसतील, तर एच-इंडेक्स ५. समजा, सात पेपरांची सायटेशन उतरत्या क्रमाने ४०, २२, १५, ९, ६, ५, ३ आहेत. पाचव्या पेपरला ६ आहेत, म्हणजे ५ पेक्षा कमी नाहीत. सहाव्याला ५ च, म्हणजे ६ ला कमी. एच-इंडेक्स ५. पहिल्या पेपरला ४० ऐवजी ४००० असती तरी उत्तर ५ च. आणि लेखक तीन होते की तीन हजार, हे या हिशेबात कुठेच येत नाही.

दुसऱ्या गाइडचं काम न्यूक्लिअर स्ट्रक्चरमधलं, म्हणजे अणुकेंद्राच्या रचनेवरचं असेल, तर १७ हा आकडा त्यांच्यावर अन्यायही करत असेल. एखाद्या समस्थानिकाच्या ऊर्जापातळ्या गॅमा वर्णपटावरून नक्की करणारा पेपर घे. त्यातली मोजमापं तपासून ईएनएसडीएफ या अणुकेंद्रांच्या माहितीच्या डेटाबेसमध्ये घेतली जातात. पुढे ती वापरणारे बहुतेक जण मूळ पेपरऐवजी न्यूक्लिअर डेटा शीट्स या नियतकालिकातल्या संकलनाचा संदर्भ देतात. अणूंच्या वस्तुमानांच्या बाबतीत हेच अ‍ॅटॉमिक मास इव्हॅल्युएशन या संकलनाचं. मूळ पेपर दहा-बारा सायटेशनवर अडकतो, मोजमाप मात्र जगभर वापरात असतं. मला ही या क्षेत्रातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट वाटते.

आता तू काय करायचंस? इन्स्पायर या भौतिकशास्त्रातल्या पेपरांच्या डेटाबेसवर दोघांची पानं उघड. ‘१० किंवा कमी लेखक’ ही चाळणी लाव, त्यांनी स्वतःच्याच पेपरांना दिलेली सायटेशन वगळ, आणि मग आकडे बघ. प्रयोग करणाऱ्या छोट्या गटातही २०-३० लेखक सहज असतात, म्हणून लेखकसंख्येची मर्यादा ४० पर्यंत वाढवून पुन्हा बघ. कमी ऊर्जेच्या प्रयोगांची नोंद इन्स्पायरवर अपुरी असते. ती अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या न्यूक्लिअर सायन्स रेफरन्सेस या सूचीमध्ये शोध. गूगल स्कॉलरचा आकडा साधारणपणे फुगलेला असतो: प्रबंध आणि परिषदांची टिपणंही त्यात धरली जातात, कधी एकाच नावाच्या दोघांचे पेपर एकत्र होतात. दोन माणसांची तुलना नेहमी एकाच डेटाबेसवरून कर, आणि त्यांच्या कारकिर्दीची वर्षंही बघ.

याहून महत्त्वाचं म्हणजे गेल्या पाच विद्यार्थ्यांची नावं काढ. त्यांचा पहिला-लेखक पेपर आहे का? प्रवेशापासून प्रबंधापर्यंत किती वर्षं गेली? छोट्या गटात पहिलं नाव बहुधा विश्लेषण करणाऱ्याचं, म्हणजे विद्यार्थ्याचं असतं. मोठ्या प्रयोगात वर्णानुक्रमामुळे ही खूण मिळत नाही. तिथे अंतर्गत अ‍ॅनालिसिस नोटवर (विश्लेषण करणाऱ्यांनी गटापुरत्या लिहिलेल्या टिपणावर) कोणाची नावं आहेत आणि प्रयोगाच्या वतीने परिषदेत कोण बोललं, हे विचार.

दोन्हीकडे धोके वेगळे. मोठ्या प्रयोगात डेटा तयार असतो, पण तुझा वाटा एका कोपऱ्यात दडू शकतो. छोट्या गटात अडतं ते बीम टाइमवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवर प्रयोगासाठी मिळणाऱ्या वेळेवर: प्रस्ताव मंजूर होऊनही अ‍ॅक्सिलरेटर बंद राहिला, तर वर्ष जातं. म्हणून दुसऱ्या गाइडना विचार, ‘आधीच घेतलेला, विश्लेषण न झालेला डेटा हाताशी आहे का?’ पहिल्यांना विचार, ‘माझ्या नावावर नेमकं कोणतं विश्लेषण असेल, आणि ते रोज कोण बघणार?’ उत्तर गोलमोल आलं, तर तिथल्या आत्ताच्या एखाद्या विद्यार्थ्याशी बोलल्याशिवाय होकार कळवू नकोस.