तुम्ही विचारा, आम्ही सांगू: काबेसा दे वाका

प्रश्न: मी डेक्कनला स्पॅनिशच्या क्लासला जाते. तिथे काबेसा दे वाकाचं नाव निघालं. बाकीचे स्पॅनिश अमेरिकेत सोनं लुटत होते आणि हा म्हणे तिथल्या लोकांत राहून आठ वर्षं पायी फिरला. खरंय का? (एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर: बरंचसं खरंय ताई. पण तो काही संत म्हणून तिकडे गेला नव्हता. १५२७ मध्ये नार्वाएझ या स्पॅनिश सरदाराच्या मोहिमेबरोबर राजाचा खजिनदार म्हणून निघाला, बाकीच्यांसारखाच सोन्याच्या आशेने. १५२८ ला फ्लोरिडात उतरले, जहाजांशी चुकामूक झाली, सोनं नाही, खायला नाही, वरून स्थानिकांचे बाण. शेवटी किनाऱ्यावर पाच नावा बांधल्या, आणि त्या कशा बांधल्या हे वाचून मी अजून थक्क होते, कारण धड अवजारं नव्हती की काही नव्हतं, मग रिकिबींचं लोखंड वितळवून खिळे आणि करवती केल्या, घोडे एकेक करून खाल्ले, त्यांच्या शेपटीच्या केसांचे दोर वळले, अंगातल्या सदऱ्यांची शिडं शिवली. घोड्याच्या पायाचं कातडं अख्खं सोलून पखाली केल्या, त्या सडल्या आणि समुद्रात प्यायला पाणी उरलं नाही.

टेक्सासच्या किनाऱ्याला फुटल्या नावा. शेवटी उरले चौघं, त्यात एस्तेबानिको हा मोरोक्कोचा गुलाम, त्याचं नाव कायम मागे राहतं, मला ते फार खटकतं. आठ वर्षं सलग चालणं मात्र नाही, काबेसा दे वाकाची त्यातली बरीच वर्षं किनाऱ्याजवळच गेली, आधी गुलामासारखं राबून आणि मग शिंपले, कातडी, गारगोट्या घेऊन टोळ्याटोळ्यांत फिरता व्यापार करून. मग चौघं पश्चिमेला निघाले, आजाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना करायचे, लोक बरे होतात म्हणून बोलबाला झाला आणि शेकडो लोक सोबत चालू लागले.

१५३६ मध्ये मेक्सिकोच्या वायव्येला स्पॅनिश घोडेस्वार भेटले, तेही गुलाम पकडायला आलेले! ते घोडेस्वार सांगू लागले, हे चौघं आमचेच लोक आहेत. सोबतच्या लोकांना ते पटेचना. म्हणाले, हे आजाऱ्यांना बरं करतात, तुम्ही धडधाकटांना मारता, हे अनवाणी आणि उघडे आलेत, तुम्ही घोड्यांवरून भाले घेऊन, हे तुमचे कसे असतील?

पुढे काबेसा दे वाका दक्षिण अमेरिकेत गव्हर्नर झाला, तिथल्या ग्वारानी लोकांना पिळू नका म्हणाला, तर १५४४ मध्ये त्याच्याच माणसांनी बंड करून त्याला कैद केलं आणि स्पेनला पाठवून दिलं.