पेटी सोडतो म्हणणारे काका

मी समुपदेशक, एक प्रश्न माझ्याकडे वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतोच. कोणी म्हणतं मॅडम, गळ्यात माळ आहे पण घरात तोंडाला लगाम नाही, माळ काढून ठेवू का. कोणी म्हणतं दर गुरुवारी मठात सेवेला जाते आणि जावेशी चार महिने अबोला आहे, मग ही सेवा खोटीच ना. थोडक्यात काय तर माझं वागणं असं असताना मी देवाच्या कामाला हात लावावा का. मागच्या वर्षी हाच प्रश्न घेऊन एक पेटीवाले, म्हणजे हार्मोनियम वाजवणारे काका आले होते, त्यांचं सांगते. त्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय आणि चर्चचं नाव टाकत नाहीये. तसंही नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं, पिढ्यानपिढ्या ख्रिस्ती असलेली घरं इथे भरपूर, त्यामुळे हे कोणाचं म्हणून शोधत बसू नका.

काका अठ्ठावन्नचे, सरकारी नोकरी, रिटायरमेंटला दोन वर्षं. चर्चमध्ये पेटी वाजवतात ते सव्वीस वर्षं, त्याआधी वडील वाजवायचे. आले तेच म्हणाले, "मॅडम, मला राजीनामा लिहायचाय पण लिहवत नाही." मला वाटलं ऑफिसचा. तर म्हणे पेटीचा! मी हसले नाही, पण मनात आलं की भजनी मंडळातले आमचे मामा असते तर राजीनामा वगैरे न देता सरळ रुसून बसले असते.

पहिल्यांदा नेहमीचं विचारून घेतलं, झोप कशी, भूक कशी, दारू आहे का, जगणं नको वाटतं का. झोप मोडलेली होती, दारू नव्हती, तंबाखू होती, जिवाचं काही करावं असं अजिबात नव्हतं. देवाधर्माच्या अपराधीपणाचा एक आजारासारखा प्रकारही असतो, म्हणजे तीच प्रार्थना चुकली असं वाटून वीस वीस वेळा म्हणायची, तेच पाप पुन्हा पुन्हा कबूल करायचं, तसं असेल तर मी आधी सायकॅट्रिस्टकडे पाठवते. यांचं तसं नव्हतं. पहाटे पाचला उठायचे, बायको झोपलेली असायची म्हणून भाता अगदी हळू ओढत एक गीत वाजवायचे, मग रुमालाने पट्ट्या पुसून पेटी बंद, झाली प्रार्थना. "मला बोलून प्रार्थना नीट येत नाही, पाळकसाहेबांसारखे शब्द नाहीत आपल्याकडे, बोटांनीच काय ती होते." नाताळनंतर मात्र तेही बंद पडलं होतं.

मी म्हटलं तुमच्यात काय वाईट आहे ते एकदा लिहूनच आणा. पुढच्या वेळी वहीचं पान आणलं, अक्षर मोत्यासारखं, अकरा मुद्दे. रागीट. अहंकारी. मत्सरी. तंबाखू. शिकवायला चिंगूस, म्हणजे पोरांना पेटी शिकवताना खरी खुबी लपवायची. संदेश, म्हणजे पाळकसाहेबांचं प्रवचन चालू असताना पुढच्या गीताचा विचार करतो. असं बरंच.

इथे माझी चूक झाली ती पण सांगते. मी घाईने धीर द्यायला गेले. म्हटलं काका, अहो ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचा राग काय कमी होता का, त्यांच्या बायकोने, लक्ष्मीबाईंनीच सगळं लिहून ठेवलंय ना, तरी त्यांची गीतं तुम्ही आज म्हणताच की. काका एवढंच म्हणाले, "टिळकांचं टिळकांपाशी." आणि गप्प झाले, ते सेशन तिथेच संपलं म्हणा ना. माणूस अजून जखम दाखवत पण नाही आणि आपण मलम लावून मोकळे, वीस वर्षं काम करून पण हे होतं.

ते गेल्यावर मी तो कागद पुन्हा बघितला तेव्हा लक्षात आलं की यादीत माणूस एकही नाहीये. सगळी विशेषणं! रागीट, पण कोणावर? मत्सरी, कोणाचा? अकरा मुद्द्यांत एकाचं नाव नाही. अशी यादी आली की मी सावध होते, कारण "मी वाईट आहे" हे म्हणायला तसं सोपं असतं, रडून पण होतं. "मी अमक्याचं अमुक केलं" याला मात्र घशातून बाहेर पडायला वेळ लागतो.

तिसऱ्या वेळी तेवढंच विचारलं, काका यात लोक कुठे आहेत. बराच वेळ ते पंख्याकडे बघत बसले, मग माझं पॅड ओढून घेतलं आणि त्यावर पेटीच्या पट्ट्या काढायला लागले. मला गाण्यातलं काही कळत नाही हे त्यांना माहीत होतं, म्हणून काळी चार, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीचा सूर कुठला, त्याच्या वरची काळी पाच कुठली ते पेनाने दाखवत दाखवत सांगितलं, आणि मला वाटतं चित्राकडे बघून बोलता येत होतं म्हणूनच सांगितलं.

झालं होतं असं की नाताळच्या उपासनेतलं एक खास गीत वर्षानुवर्षं काका स्वतः म्हणायचे. आवाज बसायला लागला, तर कमिटीने सांगितलं काका तुम्ही पेटीच धरा, गाणं ती अमक्यांची मुलगी म्हणेल. सोळा वर्षांची पोर. हे वर्मी लागलं. वर तरुण संघाची पोरं कीबोर्ड आणायच्या गोष्टी करत होती, म्हणजे उद्या पेटीपण जाणार. मला ते हसत म्हणाले, ऑल इंडिया रेडिओने १९४० ते १९७१ पेटीला दारात उभं केलं नव्हतं, आपल्याकडे पण तेच होणार म्हणून पोटात गोळा आला होता. सराव सगळा काळी चारमध्ये झाला, तबला काळी चारला लावलेला, मुलगी छान म्हणायची. काकांची पेटी स्केल चेंजरवाली, म्हणजे पट्ट्यांचा अख्खा संच बाजूला सरकवता येतो, बोटं तीच ठेवायची आणि सूर वर किंवा खाली जातो, बघणाऱ्याला काही कळत नाही.

त्या दिवशी गीताच्या आधी पाळकसाहेबांची प्रार्थना चालू होती. सगळ्यांचे डोळे मिटलेले. आणि काकांनी पट्ट्या दोन घरं वर, काळी पाचला सरकवल्या.

"आवाज झाला असेल ना?" मी विचारलं. "खट्. बारीकसा. आमेनमध्ये मिसळला."

मुखडा निघून गेला. अंतऱ्यात वरच्या पंचमाला मुलीचा आवाज फाटला, दुसऱ्यांदा पण फाटला, तिसऱ्यांदा तिने ती ओळ म्हटलीच नाही, नुसती पुस्तकात बघत उभी राहिली. लोकांना वाटलं घाबरली पोर. फक्त तबलेवाल्याला कळलं, कारण त्याचा तबला काळी चारला आणि पेटी काळी पाचला, उजव्या हाताने वाजवलं असतं तर कानाला बोचलं असतं, तर त्याने अख्खं गाणं डग्ग्यावरच भागवलं. एकदाच काकांकडे बघितलं म्हणे. तेव्हापासून उपासनेनंतर दोघं मिळून चहा प्यायचे ते बंद.

नंतर आणखी एक गोष्ट कळली. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेतात, मंडळी एकेक करून पुढे जातात आणि तोवर काका पेटीवर हळू वाजवत राहतात. सगळे झाले की वाजवणाऱ्यांनी घ्यायचं. जानेवारीपासून काकांनी घेतलंच नव्हतं. वाजवतच राहायचे, पाळकसाहेबांना मानेनेच नंतर म्हणून खुणवायचे, कोणाला संशय आला नाही, पेटीच्या आड लपायला चांगली जागा असते. पण गुड फ्रायडेला ते लपणं संपलं. दुपारी बारा ते तीन, वधस्तंभावरचे सात उद्गार, एकेका उद्गारावर एकेक जण बोलतो आणि मधे गीत. पहिलाच उद्गार क्षमेचा, त्यांना क्षमा कर कारण ते काय करतात हे त्यांना कळत नाही. काका म्हणाले, "मॅडम, मला तर चांगलं कळत होतं." त्याच आठवड्यात त्यांनी माझा नंबर मिळवला.

आता आपला मूळ प्रश्न, सोडू का पेटी. काकांकडे त्यासाठी वचन पण तयार होतं, मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथेच ठेव. "म्हणजे पेटी ठेवायची ना खाली?" मी ख्रिस्ती नाही, मला पाठ नाही, म्हणून मी सहज विचारलं पुढे काय आहे. काकांनी चष्मा लावून मोबाईलवर काढलं. पुढे आहे की आधी जाऊन भावाशी समेट कर, आणि मग येऊन अर्पण कर. मग ये, असं स्पष्ट लिहिलंय. हे त्यांनी आयुष्यात कितीदा ऐकलं असेल, पण चार महिने ते पहिल्याच अर्ध्यावर अडकून बसले होते. मी म्हटलं काका, अर्पण ठेवायला तुम्ही तयार आहात, परत यायला पण याल, मधलं जे जायचं आहे ना त्याचा तुम्हाला घाम फुटतोय. त्यावर ते चिडले माझ्यावर. यादीतला पहिला मुद्दा, चला, खरा निघाला.

मी काही त्यांना जाच असं सांगितलं नाही, समुपदेशक तसं सांगत नाही. आम्ही फक्त वाक्यं तयार केली. त्यांच्या पहिल्या मसुद्यात "मी फार पापी माणूस आहे" तीन वेळा होतं, ते काढलं, कारण ते ऐकून मुलगी त्यांनाच नाही नाही काका असं म्हणत बसली असती, म्हणजे माफी मागायला जायचं आणि सांत्वन घेऊन यायचं. उरलं ते एवढंच, की त्या दिवशी मी सूर मुद्दाम वर नेला, तुझा आवाज फाटला तो माझ्यामुळे, तुझी चूक नव्हती. पाळकसाहेबांना आधी सांगा असं मात्र सुचवलं, मुलगी लहान आहे, घरी जाऊन आईवडिलांसमोरच बोला. तंबाखूचं नंतर बघू म्हटलं, सगळंच एका महिन्यात सुधारायला निघालेली माणसं पुढच्या महिन्यात काहीच सुधारत नाहीत असा माझा अनुभव.

मे महिन्यात गेले. मला वाटलं होतं रडारड होईल, गळाभेट होईल. तसलं काही नाही. मुलीच्या आईने चहाचा कप परत आत नेला. वडील म्हणाले, काका तुम्ही? बास. आणि मुलीने विचारलं, "म्हणजे मी बरोबर गात होते?"

काका मला हे सांगताना थांबले. तिने नाताळपासून गाणं सोडलं होतं, आपला आवाज वयात येताना बिघडला असं तिने मनाशी धरलं होतं, घरात सुद्धा गुणगुणायची नाही. हे काकांना ठाऊकच नव्हतं. चार महिने ते स्वतःच्या पापाचा एवढा विचार करत होते आणि त्या पापाने तिकडे नेमकं काय केलं हे बघायला कोणी गेलंच नव्हतं. आई खूप बोलली म्हणे, काकांनी ऐकून घेतलं, उलट उत्तर दिलं नाही, आणि माझ्या मते त्या दिवसातलं अवघड काम ते होतं.

पेटी त्यांनी सोडली नाही. पाळकसाहेबांनीच दोन रविवार बसायला सांगितलं मंडळीत, बायकोशेजारी, ते बसले. जूनच्या पहिल्या रविवारी पुढे जाऊन प्रभुभोजन घेतलं. मुलगी क्वायरमध्ये आली नाही, तरुण संघात कीबोर्डवर गाते, काकांना नमस्कार करते पण थांबून बोलत नाही. काका म्हणतात ठीके. राग आहेच अजून, परवाच बायकोवर ओरडले चष्म्यावरून, ते पण येऊन सांगतात आता.

तबलेवाला परत चहाला यायला लागलाय. आता गीताच्या आधी काका सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने सांगतात, काळी चार. तबलेवाला मान हलवतो, आणि तरी हातोडी उचलून एकदा तपासून घेतोच.