एच-१बी व्हिसावर कोलोराडोत एल्कची शिकार करायची असेल तर आधी रायफल घ्यावी की लायसन्स?

तुम्ही डेन्व्हरला एच-१बीवर आहात, वर्षभर तिथेच राहताय आणि एल्कच्या (मोठ्या जातीच्या हरणाच्या) शिकारीची तयारी कुठून सुरू करायची असं विचारलंय. आधी लायसन्स, मग रायफल. हा क्रम उलटा होऊ देऊ नका.

कारण अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगणंच गुन्हा आहे. विकत घेणं सोडाच, नेमबाजीच्या रेंजवर भाड्याने घेतलेली बंदूकही त्यात येते. शिक्षा १५ वर्षांपर्यंत, वर हद्दपारीची टांगती तलवार. अपवाद मिळतो तो चालू मुदतीच्या शिकार लायसन्समुळे. नुसतं मासेमारीचं लायसन्स चालत नाही. ग्रीन कार्ड असेल तर ही बंदी लागू नाही.

१ जानेवारी १९४९ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला लायसन्ससाठी हंटर एज्युकेशनचं, म्हणजे शिकारीचा कोर्स केल्याचं कार्ड लागतं. कोर्समध्ये बंदूक हाताळायची असेल तर प्रशिक्षकाला व्हिसाची कल्पना आधीच द्या. कार्ड हातात आलं की वर्षभराचं स्मॉल गेम लायसन्स काढा. हे ससे-पक्ष्यांचं साधं लायसन्स दोन कामं करतं: केंद्रीय कायद्यातला अपवाद मिळवून देतं आणि एल्कच्या ड्रॉसाठी (लायसन्सच्या सोडतीसाठी) कोलोराडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ हे राज्याचं खातं जे पात्रता-लायसन्स मागतं, तेही हेच. त्याची मुदत १ मार्च ते पुढच्या वर्षीची ३१ मार्च. नवीन लायसन्स मार्चमध्येच काढून ठेवा. विसरलात तर १ एप्रिलला घरच्या कपाटातली रायफल बेकायदा होते. लोक नेमके इथेच अडकतात. दुकानात लायसन्स आणि आय-९४चा (अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीचा) नंबर सोबत न्या. पैसे भरले तरी राज्याच्या नियमाने तीन दिवस थांबावं लागतं.

कोलोराडोत सलग सहा महिने राहून झाले असतील तरच रेसिडेंटच्या दराने अर्ज करा. बाहेरच्याला एल्कचं लायसन्स दहापटीहून महाग पडतं, त्यामुळे या बाबतीत खोटी माहिती देणं फार अंगाशी येतं.

ड्रॉचा अर्ज एप्रिलच्या पहिल्या मंगळवारपर्यंत. अर्जातला हंट कोड, म्हणजे कोणती शिकार हवी त्याचा संकेतांक, नीट वाचा: पहिलं अक्षर प्राण्याचं, दुसरं लिंगाचं, मग युनिटचे (शिकारीच्या विभागाचे) तीन आकडे, मग हंगाम, शेवटी हत्यार. दुसऱ्या जागी एम म्हणजे नर, शेवटी एम म्हणजे मझललोडर, नळीच्या तोंडातून बार भरायची बंदूक. ज्याला रायफल हवी त्याने शेवटी आर आहे ना ते बघावं. ड्रॉ लागला नाही तरी बऱ्याच युनिटांत दुसऱ्या आणि तिसऱ्या रायफल हंगामाचे नराचे टॅग, म्हणजे शिकारीची लायसन्सं, ड्रॉशिवाय मिळतात. पहिल्या वर्षी मी तोच रस्ता सुचवेन.

रायफल .२४ कॅलिबरपेक्षा (नळीच्या व्यासाचं माप) लहान नको, गोळी किमान ८५ ग्रेन वजनाची आणि लागल्यावर पसरणारी. अंगावर कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच सलग भडक केशरी किंवा गुलाबी रंग हवा, टोपीसकट. केशरी कॅमो, म्हणजे ठिपक्या-पट्ट्यांची नक्षी, चालत नाही. बहुतेक युनिटांत नराच्या एका शिंगाला चार फाटे किंवा कपाळाजवळचा फाटा किमान पाच इंच असावा लागतो. दुर्बिणीतून फाटे मोजता येत नसतील तर चाप ओढू नका. खासगी जमिनीवर पाटी किंवा कुंपण नसलं तरी मालकाची परवानगी लागते.

लायसन्सबरोबरचा, जनावराला बांधायचा टॅग कागदीच लागतो, फोनवरचा फोटो चालत नाही. जनावर पडायच्या आधी त्यावर सही केली किंवा तो फाडून वेगळा केला तर टॅग बाद. जनावर पडलं की लगेच सही, तारीख. कातडं ताबडतोब सोलायला घ्या. जाड मांडीत उष्णता कोंडते आणि हाडाजवळचं मांस आधी आंबतं. तुकडे करताना एका मागच्या मांडीला वृषण नैसर्गिकरीत्या जोडलेला राहू द्या आणि टॅग त्याच मांडीला बांधा. वेगळं कापलेलं मुंडकं नर असल्याचा पुरावा म्हणून धरत नाहीत. खाण्याजोगं मांस तिथेच टाकून नुसती शिंगं नेणं हा गंभीर गुन्हा आहे, आणि नराचं वजन ३०० किलोच्या आसपास असतं. म्हणून गाडीपासून किती आत जायचं ते पाठीवर किती फेऱ्या मारता येतील यावरून ठरवा.