'हार्डली'तलं मढं

सांगलीहून एकांनी विचारलंय: निवृत्त होणाऱ्या सरांचं मानपत्र इंग्रजीत करायचंय, त्यात 'ही वर्क्ड हार्ड' लिहू की 'हार्डली'? क्रियाविशेषण म्हटलं की 'ली' हवाच, असं त्यांच्या भाच्याचं म्हणणं.

भाच्याला आवरा. 'हार्डली' छापलंत तर सरांनी उभ्या नोकरीत इकडची काडी तिकडे केली नाही, असा अर्थ होईल. वर शाल-श्रीफळ आहेच. सत्कारांमधून हे वाक्य मी सारखं ऐकतो आणि त्यावर टाळ्याही पडतात! 'फास्टली ये' हा त्याचाच भाऊबंद. आजच्या इंग्रजीत असा शब्दच नाही.

खरी गंमत या 'ली'च्या कुळात आहे. जुन्या इंग्रजीत 'लीच' म्हणजे देह. त्यावरून 'त्या रूपाचा' असं सांगणारा प्रत्यय झाला आणि झिजून 'ली' उरला. जर्मनमध्ये 'लाइखे' म्हणजे आजही प्रेत. इंग्लंडात चर्चच्या आवाराला छपराचं फाटक असतं, 'लिचगेट'. तिथे प्रेत टेकवून पाद्र्याची वाट बघत. सातारकरांना विसावा म्हटलं की नाका आठवेल, पण मी म्हणतोय तो तिरडीचा विसावा, तसंच हे. फ्रेंचांनी मात्र लॅटिन 'मेन्ते' घेतलं, म्हणजे 'मनाने'. इंग्रजांनी देह उचलला, फ्रेंचांनी मन! यावरून दोन्ही स्वभावांबद्दल माझं एक मत आहे, पण ते राहू दे.

तर 'हार्ड'. पूर्वी क्रियाविशेषणाला शेवटी नुसता 'ए' लागायचा. मध्ययुग सरता सरता तो गळाला आणि विशेषण-क्रियाविशेषण एकसारखी दिसू लागली. 'हार्डली' आधी 'जोराने' होतं, मग 'कष्टाने', मग 'जेमतेम'. आपलं 'मुश्किलीने' याच वाटेने गेलं: मुश्किलीने दहा माणसं होती.

पुढे लंडनचे बिशप झालेले रॉबर्ट लोथ १७६२च्या व्याकरणात अशा बिनशेपटीच्या रूपांना अयोग्य ठरवून मोकळे झाले. गळालेल्या 'ए'ची विचारपूस त्यांनी करायला हवी होती. घाटातल्या 'गो स्लो' पाटीला नाक मुरडणारे आजही लोथसाहेबांचीच पट्टी घेऊन फिरतात. पाटी बरोबर आहे, गाडी हळू घ्या.

आणि सर कधी उशिरा आले नाहीत असंही लिहिणार असाल, तर 'लेट' लिहा. 'लेटली' लिहिलंत, तर सर हल्ली शाळेत फिरकतच नाहीत असं होईल.